तीच गाय, तीच पेंड, तरी दूध २४ लिटरवरून १५ वर. कुठं चुकतंय?

येरळाकाठ (कडेगाव) | ११ मे, रात्री ९.४०

राम राम मंडळी. गोठ्यात चार एचएफ (होल्स्टिन, परदेशी जातीच्या) गाई, दोन कालवडी आणि आईच्या हौसेची एक खिलार. प्रश्न चांदीचा आहे. दुसऱ्या वेताची गाय, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. १५ फेब्रुवारीला व्याली, पाडी झाली, जार वेळेत पडली, ताप नाही की काही नाही. पहिल्या वेतात १८ लिटरच्या वर कधी गेली नव्हती. यंदा मार्चअखेरीला दोन्ही वेळचं मिळून २४ लिटर द्यायला लागली तेव्हा घरात सगळे खुशीत होतो.

एप्रिलच्या मध्यापासून उतरंड लागली. २२, मग १९, आणि आज सकाळी ८, संध्याकाळी ७. फॅट ३.७ लागायचं ते ३.१ वर आलंय.

खायला घालतो ते सांगतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत संपेपर्यंत, उसाचे वाढे (हिरवे शेंडे) होते. आता उसाचीच कुट्टी करतो, २५ किलोपर्यंत. कडबा महाग झालाय म्हणून सांजच्याला एक पेंढी. गोळी पेंड सकाळी ५ किलो, संध्याकाळी ५ किलो. दूध घटलं म्हणून गेल्या आठवड्यात संध्याकाळी १ किलो सरकी वाढवली, तर दूध आणखी खाली आलं. पेंडीच्या दुकानदाराचं म्हणणं, पोतं बदला आणि सोबत कॅल्शियमची बाटली न्या.

बदलू का पोतं? हातची गाय आहे, जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे, चुकीच्या गोष्टीवर पैसा घालायला जीव धजत नाही. म्हणून विचारतोय.

संकलन केंद्रावरचा (तासगाव) | ११ मे, रात्री १०.१५

दादा, घाई करू नका. १४ वर्षं संकलनावर बसतोय. मे महिन्यात सगळ्यांचंच फॅट खाली येतं, पण ३.७ वरून ३.१ हे एकट्या उन्हाचं काम नाही. फॅट ज्या मालातून तयार होतं तो माल चोथ्याच्या वैरणीतून येतो. कडबा, गवत, मका पोटात आंबतं, त्यातून ॲसिटिक आम्ल निघतं आणि कासेत त्याचं फॅट बनतं. तुमच्याकडे पेंड ११ किलो आणि कडबा एक पेंढी. फॅट पडायला तेवढं पुरे आहे.

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून निघतो, त्याच्या खाली पॉइंटागणिक कपात. म्हणजे तुम्ही लिटरातही मार खाताय आणि दरातही. एसएनएफ किती लागतंय ते स्लिपवर बघून टाका. आणि एक काम करा, चारही सडांचं दूध वेगवेगळं काढून चाखून बघा. एखाद्या सडाचं खारट लागलं तर सांगा.

माणदेशी (आटपाडी) | ११ मे, रात्री ११.०५

दादा, वैरण लिवली, पेंड लिवली, पाण्याचं कायच न्हाई लिवलं. दिवसातनं किती डाव पाणी दावता? सोडून नेता का दावणीलाच बादली ठेवता?

इचारतोय त्याला कारण हाय. आमच्यात दुष्काळात जनावरं छावणीला न्यायची पाळी आली, तवा टँकर आला तर पाणी, न्हाई तर न्हाई. वैरण पोटभर मिळायची, तरी ज्या दिशी टँकर चुकला त्याच्या दुसऱ्या दिशी दूध बसलेलंच. आन् पाणी मिळालं की दोन दिसात परत यायचं. तवापासनं मी आधी पाणी बगतो आन् मग पेंड. दुधात शंभरातलं सत्त्याऐंशी भाग पाणीच हाय की. ते गाईनं कुठनं आणायचं?

येरळाकाठ | १२ मे, सकाळी ६.५०

माणदेशी भाऊ, पाणी दोन वेळा. सकाळी धारा झाल्यावर आणि संध्याकाळी धारांच्या आधी, दाव्यावरून सोडून हौदावर नेतो. पोट भरून पितात, नको म्हणेपर्यंत. मधे दुपारी ऊन फार असतं म्हणून सोडत नाही.

एसएनएफ ८.२ आहे. दूध चाखलं. मागच्या उजव्या सडाचं किंचित खारट वाटलं, पण मनाचा खेळ असेल असंही वाटतंय.

पशुवैद्य (कराड) | १२ मे, सकाळी ९.२०

तुम्ही सगळं मोकळेपणानं लिहिलंत हे फार बरं केलंत, नाही तर नुसत्या ‘दूध कमी झालं’ यावर कुणालाच काही सांगता येत नाही. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयात शिकत असताना आमच्या सरांनी एक सवय लावली होती: आधी गाय व्याल्याला किती दिवस झाले ते मोजायचं, मगच पुढचं बोलायचं. तुमच्या गाईला काल ८५ दिवस झाले.

गाय व्याल्यापासून सहाव्या ते आठव्या आठवड्यात दुधाच्या शिखरावर येते आणि तिथून हळूहळू उतरते. साधारण महिन्याला ८ ते १० टक्के उतार हा निसर्गाचा आहे, त्याला औषध नाही. त्या हिशेबानं तुमची गाय आज २१-२२ लिटरवर असायला हवी होती. १५ वर आहे, म्हणजे सहा-सात लिटर दुसरीकडे कुठं तरी जातंय. ते शोधायचं आहे.

पेंडीबद्दल. तुम्ही दिलेला आकडा पुस्तकाप्रमाणे चुकीचा नाही. गाईच्या स्वतःच्या शरीरासाठी दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हणजे २४ लिटरला ११ किलो होतेच. चूक आहे ती एका वेळी ५-६ किलो घालण्यात, आणि सोबत चोथा नसण्यात. एवढी पेंड एकदम पोटात गेली की मोठ्या पोटात आम्ल वाढतं. त्यात तुम्ही घालताय ऊस. उसात साखर भरपूर आणि प्रथिनं नावापुरती, म्हणजे आम्लात भरच. चोथा खाताना आणि रवंथ करताना गाईच्या तोंडात लाळ सुटते, ती लाळ म्हणजे तिचा घरचा खायचा सोडा. रवंथ कमी झाला की लाळ कमी, आम्ल जास्त, चोथा पचवणारे जीवाणू मरतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून सरकी वाढवल्यावर दूध आणखी घटलं.

आज दुपारी तीन गोष्टी बघा आणि लिहा. गाई निवांत बसल्या असतील तेव्हा चारांतल्या किती रवंथ करताहेत. शेणाचा पो कसा पडतोय, घट्ट थर धरून की पातळ पसरून, आणि त्यात न पचलेले दाणे अख्खे दिसतात का. तिसरं, दुपारी दोनच्या सुमाराला घड्याळ लावून चांदीच्या कुशीची हालचाल मोजा, मिनिटाला किती श्वास घेते. ६० च्या वर गेला तर तिला ऊन लागतंय असं समजा.

आणि माणदेशींच्या प्रश्नाला माझा दुजोरा. दोन वेळा पोटभर पाणी म्हणजे पुरेसं पाणी असं नाही. पिते किती ते बादलीनं मोजा.

आक्का (वाळवा) | १२ मे, दुपारी १२.३०

भावा, खारट लागलं हा मनाचा खेळ समजू नकोस. मी तो समजले होते आणि एक सड गमावून बसले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात आलं, आम्ही जनावरं वरच्या गावी पाहुण्यांच्या वस्तीवर नेली. आठ-दहा दिवस चिखलात उभी होती. परत आल्यावर माझ्या मोठ्या गाईचं दूध चार लिटरनं कमी. मी म्हटलं हाल झाले, होईल चांगलं. कास हाताला मऊ, सूज नाही, दूध दिसायला पांढरंशुभ्र. पंधरा दिवसांनी एका पहाटे धारेला बसले तर सडातून पाण्यासारखं आलं आणि मागून दह्याच्या गुठळ्या. सकाळपर्यंत तो भाग दगडासारखा. आमच्यात त्याला दगडीच म्हणतात. इंजेक्शनं झाली, सडात ट्यूबा भरल्या, गाय वाचली, पण तो सड आटला तो आटलाच.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की दिसणारी दगडी एक असेल तर न दिसणारी कितीतरी असते. दूध चांगलं दिसतं, आत मात्र बिघाड सुरू झालेला असतो. आता दर पंधरवड्याला मी प्लास्टिकच्या चार खळग्यांच्या पॅडलमध्ये सडासडाचं दूध घेऊन त्यात ते जांभळं औषध टाकते आणि गोल फिरवते. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं, बिघडलेलं शेंबडासारखं गोळा होतं. पाच मिनिटांचं काम आहे. धार झाली की आयोडीनच्या कपात चारही सड बुडवते आणि लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाकते, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड उघडं असतं, गाय तशीच शेणात बसली तर आजार आपण होऊन आत घेतो.

धारा कोण काढतं तुमच्यात?

येरळाकाठ | १२ मे, रात्री ९.१०

आक्का, धारा आई काढायची. एप्रिलमध्ये तिच्या हाताला दुखणं लागलं, तेव्हापासून गडी काढतो. चांगला माणूस आहे, पण अंगठा मुडपून काढतो आणि त्याला जरा वेळ लागतो, एका गाईला बारा-तेरा मिनिटं. तारीख जुळते हे तुम्ही विचारल्यावर ध्यानात आलं.

डॉक्टर, तुम्ही सांगितलेलं बघितलं. चार गाईंपैकी एकच रवंथ करत होती, आणि ती चांदी नव्हती. शेण पातळ, चपातीसारखं पसरलेलं, दाणे दिसतात. श्वास दोनदा मोजला. ८४ आणि ८१. जीभ बाहेर नव्हती पण तोंडातून लाळ गळत होती.

आता पाणी. आज हौदावर न सोडता १५ लिटरच्या बादलीनं पाजलं. सकाळी दीड बादली. संध्याकाळी दोन बादल्या आणि थोडं. म्हणजे ५५ लिटर. दुपारी दोन वाजता फक्त बघायला म्हणून एक बादली पुढे धरली, तर तोंड न काढता रिकामी केली आणि बादली चाटत राहिली. ते बघून मी तिथंच खाली बसलो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या शिवारात ऊस उभा राहिला, पाटाला पाणी, विहिरीला पाणी, आणि माझ्या दावणीची गाय दुपारभर तहानलेली.

माणदेशी (आटपाडी) | १२ मे, रात्री ९.४५

दादा, मनाला लावून घिऊ नगा. ह्यो सगळ्यांच्यात हुतंय. मोजलं म्हणून कळलं.

आता करायचं यवढंच. अर्धा निळा ड्रम कापा न्हाई तर सिमेंटची टाकी बसवा, गाईच्या तोंडापुढं, रातंदिस भरलेली. सावलीत पायजे. उनातल्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत न्हाई, ते गाय कशी पील? आतनं चुना लावा, शेवाळ धरत न्हाई. आन् आठवड्याला एकदा उपसून घासा. आपण जे पाणी पिणार न्हाई ते तिला दावायचं न्हाई.

पशुवैद्य (कराड) | १२ मे, रात्री १०.३०

आता चित्र स्पष्ट झालं. एकेक करून सांगतो.

दूध देणाऱ्या गाईला लिटरमागे तीन ते पाच लिटर पाणी लागतं. २० लिटरच्या गाईला मे महिन्यात ८० ते १०० लिटर सहज. तिला ५५ मिळतंय. पाणी कमी की गाय खाते कमी, ही पहिली पायरी. दूध त्याच्या मागून जातं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं, हे लक्षात घेतलं की पाण्याचं मोल कळतं.

ऊन. एचएफ ही थंड देशातली गाय, ५ ते २५ अंशांत ती सुखात असते. तापमान आणि हवेतली आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की तिला त्रास सुरू होतो. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाच तो ७२ च्या जवळ जातो. तुमच्याकडे मे महिन्यात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. चोथा पोटात आंबताना उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात गाय आपण होऊनच चोथा खाणं आणि रवंथ कमी करते. त्यात आपण पेंड वाढवतो, म्हणजे आम्ल दोन्ही बाजूंनी वाढतं. पत्र्यावर उसाचं पाचट पसरा, दुपारी त्यावर पाणी मारा. गोठ्यात पंखा लावा आणि गाईच्या पाठीवर थेट पाणी सोडा, दर अर्ध्या तासाला एक-दोन मिनिटं. नुसते फॉगर लावून हवा खेळती ठेवली नाही तर दमटपणा वाढतो आणि गाय आणखी घुसमटते, हे मी बऱ्याच गोठ्यांत बघितलंय. वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे घाला.

धार. कासेला पाणी लावलं, हात लावला, पाडी दिसली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते. त्याचा जोर पाच ते आठ मिनिटं टिकतो. तेरा मिनिटं लागत असतील तर शेवटचं दूध कासेतच राहतं, आणि शेवटच्याच दुधात फॅट सगळ्यात जास्त असतं. रोज कासेत दूध शिल्लक राहिलं की कास ‘एवढं लागत नाही’ असं समजून उत्पादन कमी करते. अंगठा मुडपून काढल्यानं सडाला आतून इजा होते ती वेगळीच. गड्याला पूर्ण मुठीनं काढायला शिकवा, आठवड्यात हात बसतो. त्याला रागावू नका. गाय घाबरली की ॲड्रिनलिन सुटतं आणि पान्हा चढतो, म्हणून धारेच्या वेळी गोठ्यात आरडाओरड, नवीन माणूस, कुत्रं काही नको. पान्ह्यासाठी कुणी इंजेक्शनची बाटली सुचवली तर घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे आणि गाईचं नुकसान करणारं आहे.

त्या उजव्या सडाची तपासणी उद्याच तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. औषध मी इथून लिहिणार नाही.

वैरणीत बदल एकदम करू नका, आठ-दहा दिवस घ्या. पोटातल्या जीवाणूंना नव्या खाण्याशी जुळायला वेळ लागतो. ऊस कमी करत ५-६ किलोवर आणा. मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) १५ किलोपर्यंत न्या, लसूणघास मिळाला तर ५ किलो, कडब्याची कुट्टी ४ किलो. पेंड ८ किलो, चार वेळा दोन-दोन किलो, आणि कडबा आधी, पेंड मागून. सोबत खायचा सोडा १०० ग्रॅम, खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. सरकी सध्या बंद. पोतं तेच राहू द्या.

येरळाकाठ | १३ मे, सकाळी ७.००

डॉक्टर, तुमचे उपकार. एक शंका. कॅल्शियमची बाटली? आणि सहा महिने वाढ्यावर काढलेत, त्याचा काही संबंध?

पशुवैद्य (कराड) | १३ मे, दुपारी २.१०

संबंध आहे, आणि कृष्णाकाठच्या प्रत्येक गोठ्यानं हे समजून घ्यायला हवं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे घेऊन जातं. लिटरभर दुधात सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, म्हणजे २४ लिटरची गाय रोज तीसेक ग्रॅम कासेतून देते. आपण तिला गळीत हंगामभर अशी वैरण घालतो जी उलट तिच्याकडूनच घेते. फुकट मिळतात म्हणून वाढे स्वस्त वाटतात. व्यालेली गाय दोन दिवसांत थंड पडून मान कुशीला टाकून बसते, माज नीट दाखवत नाही, गाभ न धरता उलटत राहते म्हणजे पुन्हा माजावर येते, या तक्रारी हंगामाच्या शेवटी आमच्याकडे वाढतात.

वाढे घालायचेच असतील तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, आणि एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ न देता. खनिज मिश्रण रोज. बाटली पाजायची की नाही ते तुमचे डॉक्टर गाय बघून ठरवतील, पण मुळात वैरण बदलल्याशिवाय बाटलीचा पैसा वाया. आणि गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नका. तिचं शरीर हाडातून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर लगेच तिला कॅल्शियम कमी पडतं. दुग्धज्वर म्हणतात त्याला, पण अंग गरम होत नाही, गार पडतं.

मुक्तगोठा (फलटण) | १३ मे, रात्री ८.२०

आमच्या भागात मुक्त संचार गोठे बरेच झालेत, मीही सहा वर्षांपूर्वी दावं सोडलं. पाणी मधोमध, सावली एका बाजूला, मोकळं आवार, गाय स्वतः उठते आणि हवं तेव्हा पिते. मोजलं तर दिवसात सात-आठ वेळा पाण्यावर जाते, दुपारी दोन ते चारमध्ये सर्वात जास्त. बांधलेल्या गाईला नेमकं त्याच वेळी आपण पाणी दावत नाही.

सिमेंटचा कोबा काढून मुरूम-माती टाकली, आता दिवसाचे दहा-बारा तास गाई बसून काढतात. बसलेल्या गाईच्या कासेत रक्त जास्त फिरतं. गोचीड कोपऱ्याकोपऱ्यात राहतात, म्हणून चार-दोन कोंबड्या सोडल्यात. फार खर्च नाही, तारेचं कुंपण आणि बांबूवरही होतं.

चांदोली बाजू (शिराळा) | १३ मे, रात्री ९.००

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. आपल्या उन्हाला एचएफ झेपतच नाही. जातिवंत गाय घ्यायची आणि मग पंखे, फवारे, सोडा यात पैसा घालायचा. त्यापेक्षा जर्सीचा संकर किंवा गीर ठेवा, दूध कमी पण फॅट चांगलं आणि आजार कमी. आपली खिलार तर बघा, मे महिन्यात उन्हात उभी असते आणि धापत नाही.

पशुवैद्य (कराड) | १३ मे, रात्री १०.१०

खिलारीबद्दल तुमचं बरोबर आहे, ऊन सोसण्यात तिला तोड नाही. पण ती ओढकामाची जात, वासराला पाजून घरापुरतं दूध. नवीन गाय घेणाऱ्यानं जातीचा विचार जरूर करावा, आपल्याकडे पाणी आणि सावली किती आहे ते बघून. इथं गाय दावणीला आहे आणि मार्चमध्ये तिनं २४ लिटर देऊन दाखवलंय. जात आपली मर्यादा ठरवते, आणि ही गाय सध्या त्या मर्यादेच्या फार खाली आहे.

औंधाच्या खाली (खटाव) | १४ मे, सकाळी ६.१५

थोडं वेगळं लिहितो, कारण धागा शोधत येणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल. व्याल्यावर पहिल्या महिन्यातच दूध कोसळलं तर वाट बघू नका. माझी गाय व्याल्यावर अठराव्या दिवशी पेंडीला तोंड लावेना. कडबा मात्र खायची. आम्हाला वाटलं पेंडीला वास आलाय, नवीन पोतं फोडलं, तेही नाही. दूध तीन दिवसांत २० वरून ११. चौथ्या दिवशी मी तिच्या तोंडाजवळ वाकलो तर श्वासाला गोडसर वास, नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा. डॉक्टर आले, वासावरूनच म्हणाले, कीटोसिस.

त्यांनी समजावलं ते असं. दुधाचं शिखर येतं दीड-दोन महिन्यांत, पण गाईची भूक पूर्ण खुलायला तीन महिने लागतात. मधल्या काळात ती अंगावरची चरबी जाळून दूध देते. व्याताना गाय फार लठ्ठ असेल तर चरबी एकदम सुटते आणि यकृताला पेलत नाही. मी भाकड काळात तिला भरपूर पेंड घातली होती, गाय गुबगुबीत दिसायची याचा मला अभिमान होता. शिरेतून ग्लुकोज दिलं, तोंडावाटे औषध पाजलं, आठवड्यात पेंडीवर आली. पण त्या वेतात २० लिटर परत दिसलं नाही.

आणि दोन महिने आधी दूध आटवायचं विसरू नका. मी एकदा लोभानं व्यायच्या महिनाभर आधीपर्यंत धारा काढल्या, पुढचं वेत चार लिटरनं कमी.

येरळाकाठ | २० मे, रात्री ९.३०

आठ दिवस झाले, हिशेब देतो.

सीएमटी, म्हणजे ती पॅडलमधली जांभळ्या औषधाची तपासणी, केली. आक्का, तुमचं खरं ठरलं. मागच्या उजव्या सडाचं दूध पॅडलमध्ये गोळा झालं, बाकी तीन चांगले. आमच्या डॉक्टरांनी औषध चालू केलंय, त्या काळातलं दूध डेअरीला घालत नाही. सडाला सूज नाही.

पाण्याची सिमेंट टाकी दावणीच्या मधे बसवली, चुना लावून. पहिल्या दिवशी टाकीवर खुणा करून चांदीचं पाणी वेगळं मोजलं, ९० लिटर. पत्र्यावर पाचट टाकलंय, एक जुना पंखा दुरुस्त करून लावला. दुपारचा श्वास काल ५८ होता.

गड्याला आईनं स्वतः शेजारी बसून शिकवलं. तिच्या बोटांना दुखतं, तरी पाण्याच्या बाटलीला रबरी सड लावून त्याला मूठ कशी आवळायची ते दाखवत होती. आता सात मिनिटांत होते धार.

मुरघासाच्या पिशव्या शेजारच्या गावातून आणल्या, पहिल्या पिशवीच्या तोंडाशी हिरवी बुरशी होती. तेवढी बाजूला काढून घालू का?

पशुवैद्य (कराड) | २० मे, रात्री १०.००

बुरशी लागलेला आणि त्याच्या आसपासचा हातभर मुरघास फेकून द्या, कुठल्याच जनावराला घालू नका. बुरशीच्या विषामुळे दूध तर घटतंच, शिवाय ते विष दुधात उतरतं आणि ते दूध आपली पोरं पितात. चांगला मुरघास पिवळसर हिरवा, आंबट-गोड वासाचा, हातात दाबला तर ओल लागावी पण पाणी गळू नये.

आठवड्यात फार आशा ठेवू नका. शिखराच्या वेळी एक लिटर गमावलं की पूर्ण वेतात दोनशेच्या आसपास लिटर जातात, त्यातलं सगळं परत येत नाही. १८-१९ वर स्थिर झाली तर समाधान माना.

येरळाकाठ | ४ जून, रात्री ८.४५

चांदी आठ दिवसांपासून साडेअठरा ते एकोणीसवर आहे. फॅट ३.६, एसएनएफ ८.५. पेंड आधीपेक्षा ३ किलोनं कमी. सड तपासला, पॅडलमध्ये दूध पाण्यासारखं फिरलं. बाकीच्या तीन गाईंचंही मिळून रोजचं पाच लिटर वाढलंय, त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

आणि आज पहाटे साडेपाचला हंबरत होती. व्याल्यापासून माज असा दिसलाच नव्हता, आम्ही तेही विसरलो होतो. शेपटीला काचेसारखा सोट (चिकट स्राव) लोंबत होता, शेजारची गाय अंगावर चढली तरी हलली नाही. आईनं मला हाक मारून उठवलं. डॉक्टरांना फोन केला, संध्याकाळी पाचला येऊन कृत्रिम रेतनानं भरवून गेले. २५ जूनच्या आसपास उलटते का ते बघायला सांगितलंय, कॅलेंडरवर आईनं खूण करून ठेवलीय.